दोन प्लेटांचा भागाकार : टी-फोर फाजचा क्रॉस करताना

टी-फोर फाज हा ई. कोलाय जिवाणूत वाढणारा विषाणू; त्याच्या दोन म्यूटंटांचा, म्हणजे जनुकात दोष असलेल्या रूपांचा, क्रॉस कागदावर चार ओळींत संपतो. दोघांना एकाच ई. कोलाय पेशीत शिरू द्यायचं, पेशी फुटली की बाहेर पडलेल्या फाजपैकी पुन्हा धडधाकट झालेले किती ते मोजायचं, एकूण संख्येने भागायचं आणि दोनने गुणायचं. हे टक्के म्हणजे दोन दोषांमधल्या जनुकीय अंतराचं माप. प्रत्यक्षात एकाच जोडीचे दोन गटांनी काढलेले टक्के पाचपट वेगळे निघू शकतात. मग खापर फुटतं ते कल्चर जुनं असण्यावर. खरा घोळ बहुतेक वेळा भागाकाराच्या वरच्या आकड्यात असतो. खालचा आकडा, म्हणजे एकूण फाज, चुकवायचा म्हटलं तरी फार चुकत नाही. वरचा आकडा लाखातल्या मोजक्यांचा असतो आणि त्यात नको ते पाहुणे सहज घुसतात. या पोस्टमध्ये बराचसा वेळ त्या पाहुण्यांवरच घालवला आहे.

विषाणूंमध्ये जनुकांची अदलाबदल होते हे १९४६ मध्ये एकीकडे डेलब्र्युक आणि बेली यांनी, दुसरीकडे हर्शी यांनी दाखवलं. पण प्रयोगाला खरी धार आली ती १९५५ मध्ये, सीमूर बेन्झर यांनी टी-फोरच्या डीएनएचा आर-टू भाग निवडला तेव्हा. आर-टू म्यूटंट ई. कोलाय बी या जातीवर वाढतो आणि मोठे, काठ स्पष्ट असलेले प्लाक, म्हणजे जिवाणूंच्या थरात फाजने पाडलेली रिकामी वर्तुळं, देतो. तोच म्यूटंट के-१२ लॅम्डावर, म्हणजे ज्या के-१२ मध्ये लॅम्डा फाज मुकाट्याने मुक्काम करून आहे तिच्यावर, प्लाक देतच नाही. मूळ, निरोगी टी-फोर दोन्हींवर वाढतो. लॅम्डाची रेक्स ही जनुकं चालू असतात. आर-टू म्यूटंट आत शिरला की ती पेशीच्या पटलाचा विद्युतभार उतरवतात आणि पेशीबरोबर फाजचाही खेळ आटोपतो.

याचा अर्थ असा की के-१२ लॅम्डाची प्लेट ही चाळणी आहे. त्यावर दहा लाख फाज ओता, दिसतील फक्त ते, ज्यांनी दोन म्यूटंटांच्या निरोगी बाजू जोडून घेतल्या. माश्यांवर किंवा मक्यावर काम करणाऱ्याला दहा हजारांत एक असं काही शोधायचं तर पिढ्या मोजाव्या लागतात. इथे एका रात्रीत उत्तर येतं.

आधी स्ट्रेनबद्दल. आपल्याकडे कोलिफाज म्हटलं की बाटली घेऊन नाल्यावर जायची सवय आहे. सोलापूरच्या सांडपाण्यातून कोलिफाज मिळतात, भरपूर मिळतात, पण ते या प्रयोगाला चालत नाहीत. नाल्यातला फाज टी-फोरसारखा दिसला तरी के-१२ लॅम्डा त्याच्या म्यूटंटला अडवेलच याची हमी नाही, आणि ती हमी नसेल तर चाळणीच नाही. निरोगी टी-फोर, ई. कोलाय बी आणि के-१२ लॅम्डा हे तिघे ओळखीच्या संग्रहातून किंवा ज्या प्रयोगशाळेत ते चालू वापरात आहेत तिथून, जनुकीय वर्णन लेखी घेऊन आणावेत. नुसतं के-१२ आणू नका. लॅम्डा नसलेल्या के-१२ वर आर-टू म्यूटंट मजेत वाढतो आणि तुमची टक्केवारी शंभराच्या पुढे जाते. खात्री करायला दोन प्लेटा पुरतात. निरोगी टी-फोरचं एकच डायल्युशन बी आणि के (म्हणजे के-१२ लॅम्डा) या दोन्हींवर लावा. प्लाक जवळपास सारखे यायला हवेत. मग माहीत असलेला आर-टू म्यूटंट लावा; बीवर भरगच्च, केवर जवळजवळ शून्य.

आर-टू म्यूटंट आयते नसतील तर निरोगी स्टॉकमधून वेचता येतात. बीच्या लॉनवर, म्हणजे अगारवर वाढलेल्या जिवाणूंच्या सलग थरावर, दाट प्लेटा लावल्या की छोट्या, धूसर काठाच्या प्लाकांच्या गर्दीत अधूनमधून एखादा मोठा, कापल्यासारख्या काठाचा प्लाक दिसतो. तो आर म्यूटंट, पण कोणता ते अजून ठरलेलं नाही. निर्जंतुक दातकोरणीने टोचून तो बी आणि के अशा दोन लॉनवर टेकवा. केवर काहीच नाही आलं तर आर-टू. केवरही मोठ्या प्लाकांचा आला तर आर-वन, आणि केवर निरोग्यासारखा दिसला तर आर-थ्री. शेवटच्या दोघांचा इथे उपयोग नाही.

मीडिया साधा आहे. लिटरला १० ग्रॅम ट्रिप्टोन, ५ ग्रॅम मीठ. खालच्या थराला १२ ग्रॅम अगार, वरच्या सॉफ्ट अगारला ७ ग्रॅम. पाणी डिस्टिल्डच. इथल्या बोअरच्या जड पाण्याने केलेल्या मीडियात ऑटोक्लेव्हनंतर गाळ बसतो आणि लॉन ठिपकेदार येतो. त्या ठिपक्यांत लहान प्लाक हरवतात. नऊ सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये २५ ते ३० मिली ओता. काटकसर म्हणून १५ मिलीत भागवलं तर सोलापूरच्या कोरड्या हवेत प्लेट रातोरात आक्रसते, प्लाक टाचणीच्या टोकाएवढे होतात आणि आर व निरोगी यांतला फरकच दिसेनासा होतो.

आता उन्हाळा. प्रोजेक्टची घाई मार्च ते मे, आणि त्याच काळात इथे पारा ४२-४३ वर. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोली ४० वर गेली की ३७ ला लावलेला इन्क्युबेटर ४१-४२ दाखवतो, कारण त्याला खाली उतरायची सोयच नाही. वॉटर बाथचंही तेच. लॉन वाढतो, पण प्लाकचा आकार बिघडतो आणि फाजचं पीक घटतं. थंड करणारा इन्क्युबेटर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर क्रॉस पहाटे सहाला सुरू करून साडेआठपर्यंत प्लेटा ओतून मोकळं व्हा. बाथमध्ये बर्फाचे तुकडे टाकून थर्मामीटरवर ३७ धरा, बाथच्या आकड्यावर विसंबू नका. डिसेंबरात नेमकी उलट अडचण. ४५ अंशांवर ठेवलेला सॉफ्ट अगार गार प्लेटवर पसरायच्या आधीच गुठळ्या धरतो. प्लेटा तासभर ३७ ला ठेवून मग ओता.

स्टॉक करताना घाई झाली तर पुढचं सगळं वाया जातं. प्रत्येक आर-टू म्यूटंट थोड्या प्रमाणात आपोआप उलटून निरोगी होतो, त्याला रिव्हर्टंट म्हणायचं. काही म्यूटंट जवळजवळ कधीच उलटत नाहीत, काही इतके चंचल की क्रॉसला निरुपयोगी. शिवाय उलटायची घटना स्टॉक वाढत असताना लवकर घडली तर त्या एकाचे वंशज सगळ्या नळीत पसरतात. म्हणून एका मोठ्या फ्लास्कऐवजी पाच वेगवेगळ्या प्लाकांपासून पाच छोटे स्टॉक करा, प्रत्येकाचा बी आणि केवर टायटर (मिलीमागे किती फाज तो आकडा) काढा आणि ज्याचं के-बी प्रमाण सगळ्यांत कमी तो ठेवा. जुन्या स्टॉकमधूनच नवा, त्यातून आणखी नवा असं करत गेलं की दर फेरीला रिव्हर्टंटांची भर पडते. दर वेळी एकटा प्लाक हीच सुरुवात.

क्रॉसचा हिशेब असा. बी पेशी ट्रिप्टोन ब्रॉथमध्ये वाढत्या अवस्थेत घ्या, मिलीला साधारण ३० कोटी. सेंट्रिफ्यूज करून त्या मिलीला १०० कोटी अशा दाट करा. हा दाट करायचा टप्पा पुष्कळ जण गाळतात. एक फाज आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटांतच पेशी उशिरा आलेल्याला आत घेणं बंद करते. विरळ पेशींत फाजना चिकटायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात दारं बंद झालेली असतात आणि तुम्ही दोन्ही जातींचे तीन-तीन घातले असले तरी आत पोचलेले वेगळेच असतात. जुन्या पद्धतीत पेशी थांबवून ठेवायला पोटॅशियम सायनाइड घालायचे. कॉलेजच्या लॅबमध्ये त्याचं नाव काढू नका. दाट पेशी हाच सोपा उपाय.

दोन्ही म्यूटंटांचे स्टॉक मिलीला ६०० कोटीवर आणून सारख्या मापात आधी एकमेकांत मिसळा. म्हणजे मिश्रणात प्रत्येकी ३०० कोटी. ०.२ मिली पेशींत ०.२ मिली मिश्रण. पेशी २० कोटी, प्रत्येक जातीचे फाज ६० कोटी, म्हणजे पेशीमागे तीन आणि तीन. एक जात आधी, दुसरी नंतर असं कधीही नको. पुन्हा तोच बंद दाराचा प्रश्न. पेशीमागे सरासरी तीन असले तरी वाटणी समान नसते. पॉइसनच्या हिशेबाने ५ टक्के पेशींना पहिली जात मिळतच नाही, ५ टक्क्यांना दुसरी नाही, आणि दोन्ही मिळालेल्या पेशी भरतात ९० टक्के. पेशीमागे एक-एकच घातला तर हाच आकडा ४० टक्क्यांवर घसरतो आणि रिकॉम्बिनेशन, म्हणजे दोन जातींच्या जनुकांची नवी जोडणी, निम्म्याच्या आसपास दिसतं, जनुकं आहेत तिथेच असूनही. एका जातीचा टायटर चुकून नऊ-एकास पडला तरी टक्केवारी खाली येते, कारण फाजचा डीएनए बहुतेक वेळा स्वतःच्याच जातभाईशी अदलाबदल करत बसतो. टायटर त्याच आठवड्यात काढलेला हवा. गेल्या सत्रातला चालणार नाही.

३७ अंशांवर पाच मिनिटं. मग ०.१ मिली काढून ३७ ला गरम असलेल्या ९.९ मिली ब्रॉथमध्ये, त्यातून पुन्हा ०.१ मिली दुसऱ्या ९.९ मिलीत. दहा हजारपट पातळ झालं. आता बाहेर पडणाऱ्या फाजना चिकटायला शेजारी पेशीच नाही, त्यामुळे दुसरी फेरी सुरू होत नाही. न चिकटलेले काढायला अँटिसीरम मिळालं नाही म्हणून कोणी प्रयोग अडवू नये. ५ टक्के मोकळे राहिले तरी पेशीमागे ०.३ फाज होतात. शंभराच्या पिकापुढे ते खिजगणतीत नाहीत. मात्र पीकच दहावर आलं असेल तर चित्र बदलतं, म्हणून दुसऱ्या नळीतून लगेच थोडा नमुना काढून, त्यात क्लोरोफॉर्म हलवून, बीवर लावा. क्लोरोफॉर्मने पेशी मरतात, मोकळे फाज जगतात. तो तुमचा मोकळ्यांचा आकडा.

नळी तासभर ३७ ला. टी-फोर २५ मिनिटांच्या आसपास पेशी फोडतो, पण सगळ्या एकदम फुटत नाहीत. तासानंतर दर ५ मिलीला पाच-सहा थेंब क्लोरोफॉर्म, हलवा, दहा मिनिटं थांबा, वरचा भाग घ्या. नळी काचेचीच, पॉलिस्टायरीनची नळी क्लोरोफॉर्मने पांढरी पडून विरघळते. हा टप्पा टाळला आणि न फुटलेली पेशी के लॉनवर गेली तर तिच्या आतल्या शंभरांपैकी एकही निरोगी असेल तरी एक प्लाक उमटतो. म्हणजे शंभरात एक मोजायचा तिथे एकास एक मोजला. पिपेटबरोबर क्लोरोफॉर्मचा थेंब गेला तर लॉनमध्ये गोल भोक पडतं आणि नवख्याला तो सुंदर प्लाक वाटतो.

आता एकूण टायटर मिलीला ५० लाखांच्या घरात असायला हवा. बीसाठी दहा हजारपट पातळ करून ०.२ मिली, केसाठी जोडी किती जवळची आहे त्यावर ठरेल. तिन्ही लावा, जसंच्या तसं, दहापट, शंभरपट.

तिन्ही का, ते नीट पाहू; पहिला पाहुणा इथेच भेटतो. दोन म्यूटंट आर-टूच्या वेगवेगळ्या जनुकांतले असतील, एक ए आणि एक बी, तर के पेशीत दोघं एकत्र शिरल्यावर ते एकमेकांची उणीव भरून काढतात आणि पेशी फुटते. त्या पिकात निरोगी रिकॉम्बिनंट असतातच, त्यामुळे प्लाक उठतो, पण हे लग्न तुमच्या नळीत झालेलं नाही, प्लेटवर झालं. ५० लाखवाल्या नळीतलं ०.१ मिली जसंच्या तसं लावलं तर वीस कोटी पेशींच्या लॉनमध्येसुद्धा शेकडो पेशींना दोन्ही जाती एकदम मिळू शकतात. ओळखायची खूण सोपी आहे. खरे रिकॉम्बिनंट दहापट पातळ केल्यावर दहापट कमी होतात. प्लेटवरच्या जोडप्यांना दोन फाज एकाच पेशीत लागतात, म्हणून ते शंभरपट कमी होतात. संख्या सरळ उतरत नसेल तर दाट प्लेट फेकून द्या, पातळ प्लेटवर विश्वास ठेवा.

दुसरा पाहुणा रिव्हर्टंट, त्याचा हिशेब वर आला. तिसरा लीकी म्यूटंट: केवर अगदी मंद, धुरकट प्लाक देतो. रात्रभर ठेवलेल्या प्लेटवर तो दिसत नाही, ३० तासांनी दिसायला लागतो. दर प्लेट ठरलेल्या तासालाच मोजा आणि धुरकट प्लाक वेगळे लिहा.

या तिघांना एकदम पकडणारा एकच कंट्रोल आहे आणि तोच सगळ्यांत जास्त वेळा गाळला जातो. दोन्ही म्यूटंट क्रॉस न करता सारखे मिसळा, एकूण टायटर क्रॉसच्या नळीएवढाच ठेवा आणि त्याच डायल्युशनने केवर लावा. इथे जे उगवेल ते क्रॉसमधून वजा. प्रत्येक म्यूटंटचा वेगळा रिव्हर्शन कंट्रोल असेल तरी हा लागतोच, कारण प्लेटवर होणारी लग्नं एकट्या म्यूटंटमध्ये दिसणार नाहीत.

समजा बीवर दहा हजारपट डायल्युशनचे ०.२ मिली लावून ११० प्लाक आले. टायटर मिलीला ५५ लाख. केवर दहापट डायल्युशनचे ०.१ मिली, १३२ प्लाक. १३,२०० प्रति मिली. क्रॉस न केलेल्या मिश्रणाचे त्याच मापाला १२ प्लाक; १,२०० प्रति मिली. वजाबाकी १२,०००. के लॉन फक्त निरोगी रिकॉम्बिनंट दाखवतो. त्याचं जोडीदार रूप, म्हणजे दोन्ही दोष एकत्र आलेला फाज, केवर वाढत नाही, म्हणून दुप्पट करायची. २४,००० भागिले ५५ लाख, ०.४४ टक्के. निरोगी टी-फोर तुमच्या केवर बीच्या ८० टक्केच प्लाक देत असेल तर १२,००० ला ०.८ ने भागा, उत्तर ०.५५ टक्के होतं. कंट्रोल आणि ही दुरुस्ती दोन्ही विसरलात तर ०.४८ येतं, आणि दोन चुका एकमेकांना झाकत असल्यामुळे आकडा दिसायला अगदी सभ्य असतो!

या आकड्याचा अर्थ लावताना जरा जपून. तो एका भेटीचा निकाल नाही. पेशीत फाजचा डीएनए वाढत असतो आणि त्याच साठ्यात पुन्हापुन्हा अदलाबदल होत राहते. व्हिस्कोंटी आणि डेलब्र्युक यांनी १९५३ मध्ये टी-टू या टी-फोरच्या जवळच्या नातेवाईक फाजसाठी अशा साधारण पाच फेऱ्यांचा हिशेब मांडला. म्हणून नळीतून मिळतो तो लोकसंख्येचा सरासरी आकडा. एकेक पेशी वेगळी पाहिली तर दोन्ही उलटसुलट रूपं सारख्या संख्येत निघतीलच असं नाही. हजारो पेशींची बेरीज केली की ती सारखी दिसतात, आणि दोनने गुणायचा आधार तेवढाच आहे. फार जवळच्या जागांमध्ये एक अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे छोटी अंतरं बेरजेला बसत नाहीत. अ ते ब आणि ब ते क मिळून अ ते क पेक्षा जास्त भरलं तर तुमचं गणित चुकलं असं लगेच समजू नका.

मोजमापासाठी ढोबळ अंदाज: सगळा आर-टू भाग नकाशावर ८ ते १० टक्के लांब, डीएनएमध्ये सुमारे ३,००० बेस, आणि टी-फोरचा पूर्ण डीएनए जवळपास १,६९,००० बेसचा. बेन्झर यांना शून्य नसलेली सगळ्यांत लहान टक्केवारी ०.०२ च्या आसपास मिळाली. जनुक हा अखंड मणी नाही, त्याच्या आतही तोडजोड होते, हे त्यातून कळलं.

के-१२ लॅम्डा मिळतच नसेल तर टी-टूचा जुना रस्ता आहे. हर्शी आणि रॉटमन यांनी १९४९ मध्ये वापरलेली जोडी: एच म्यूटंट टी-टूला दाद न देणाऱ्या बी/२ पेशींवरही वाढतो, आर म्यूटंटचा प्लाक मोठा. बी आणि बी/२ यांचा मिश्र लॉन लावला की एकाच प्लेटवर चार चेहरे दिसतात: लहान स्वच्छ, मोठा गढूळ हे आईबाप, लहान गढूळ आणि मोठा स्वच्छ ही नवी जोडणी. दिसायला देखणा, शिकवायला उत्तम, पण चाळणी नसल्याने एक टक्क्याच्या खालचं काही पकडता येत नाही. दोन्ही पेशींचं प्रमाण बिघडलं तर गढूळपणा ओळखूच येत नाही. आणि अर्धा आर, अर्धा निरोगी असा डागाळलेला प्लाक दिसला तर ती नेहमी दोन प्लाकांची टक्कर नसते. कधी एकाच फाजमध्ये दोन्ही रूपांचा डीएनए असतो; दर जनुकामागे साधारण २ टक्के फाज असे. हर्शी आणि चेस यांनी १९५१ मध्ये ते नोंदवलं. असे प्लाक वेगळ्या रकान्यात लिहा.

अनेक म्यूटंटांच्या जागा शोधायच्या असतील तर प्रत्येक जोडीची टक्केवारी काढत बसण्यात अर्थ नाही. पन्नास म्यूटंट म्हणजे १,२२५ जोड्या. इथे डिलिशन कामाला येतात, ज्यांच्यात आर-टूचा एक सलग तुकडाच गायब आहे. गायब तुकड्यातला म्यूटंट त्या डिलिशनबरोबर कधीच निरोगी होऊ शकत नाही, कारण दुसऱ्याकडे द्यायला निरोगी भागच नाही. बेन्झर यांनी सात मोठ्या डिलिशननी आधी विभाग ठरवला, मग छोट्यांनी उपविभाग. त्यातलं आर-१२७२ सगळा आर-टू खातं, आर-६३८ पूर्ण बी जनुक. मोजणी नाही, फक्त हो किंवा नाही: बी पेशींचे दोन थेंब, त्यात म्यूटंट आणि डिलिशन, काही मिनिटं थांबून त्याचा एक थेंब के लॉनवर. शेजारी एकट्या म्यूटंटचा आणि एकट्या डिलिशनचा थेंब हवाच. डिलिशन उलटत नाही, त्यामुळे तिच्या थेंबात एक जरी प्लाक दिसला तर स्टॉकमध्ये निरोगी फाज मिसळला आहे. ती बाटली ऑटोक्लेव्ह करा आणि एकट्या प्लाकापासून पुन्हा सुरुवात करा.